‘घर’ नावाचं बटण

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी जुनी गाडी आहे? जुनी म्हणजे आधी दुसऱ्या कुणाची तरी असलेली. आमच्या दादाकडे आहे. गेल्या दिवाळीत त्याने ती घेतली. इंजिन खणखणीत, सीटा धडधाकट, पण पुढे डॅशबोर्डच्या मधोमध एक मोठं चौकोनी भोक! आधीच्या मालकाने गाडी विकताना आपला स्टिरिओ काढून घेतला होता. वहिनीने त्या भोकात आधी पेट्रोलच्या पावत्या ठेवल्या, मग शेंगदाण्याची पुडी, मग कंगवा. शेवटी माझा भाचा ओंकार वैतागला. ओंकार सातवीत आहे आणि घरातल्या सगळ्या तारा, बटणं आणि प्लग त्याच्या ताब्यात असतात.

"आत्या, आपण नकाशावाला स्टिरिओ घेऊ. गाणी पण वाजतात आणि रस्ता पण सांगतो."

"अरे, मोबाइल आहे ना बाबांचा!"

"घाटात रेंज जाते. आणि रस्ता सांगता सांगता मध्येच कुणाचा तरी फोन येतो. मग बाबा चुकीच्या फाट्याला वळतात."

हे मात्र खरं होतं. मोबाइलमध्येही नकाशा आधी उतरवून ठेवता येतो आणि मग रेंजची गरज लागत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. कारण, खरं सांगू? मलाही जुना बाजार बघायचा होता.

नवा, नावाजलेल्या कंपनीचा घ्यायचा तर दादाच्या खिशाला परवडणारा नव्हता. म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही तिघं जुन्या बाजारात गेलो. तुम्ही पाहिलाय का असा बाजार? जमिनीवर ताडपत्री आणि त्यावर जगातली प्रत्येक वस्तू. नळ, पाने, मिक्सरची भांडी, एकाच पायाचा बूट. एका ओळीत नुसते गाडीचे स्टिरिओ. दुकानदाराने शेजारी गाडीची बॅटरी ठेवलेली. बारा व्होल्टची. दोन वायरी लावल्या की डबा सुरू.

पहिलाच डबा ओंकारला आवडला. मोठा पडदा, चकचकीत बटणं, किंमत फक्त अठराशे. दुकानदाराने वायरी जोडल्या. पडद्यावर एकदम जपानी अक्षरं! तो डबा जपानमधल्या कुठल्याशा गाडीतून निघून फिरत फिरत इथपर्यंत आला होता. त्याला एक छोटी काळी चौकोनी वडी वायरने जोडलेली होती. ती त्याची अँटेना. ती उघड्यावर आकाशाकडे तोंड करून ठेवली. तीन-चार मिनिटं गेली आणि पडद्यावर एक बाण उगवला. पण बाणाच्या आजूबाजूला काही नाही. रस्ता नाही, गाव नाही, नदी नाही. नुसता कोरा पडदा आणि मधे एकटा बाण.

"बंद आहे हा," दादा म्हणाला.

बंद नव्हता, मुलांनो. तो बिचारा अगदी बरोबर सांगत होता की ‘मी इथे आहे.’ पण ‘इथे’ म्हणजे कुठे, हे त्याला ठाऊक नव्हतं. कारण त्याच्या पोटात नकाशा होता फक्त जपानचा!

आता ही गंमत नीट समजून घ्या, कारण मोठ्या माणसांचाही इथे घोळ होतो. पुष्कळांना वाटतं की वर आकाशातला उपग्रह आपली गाडी बघतो आणि आपल्याला रस्ता सांगतो. तसं काही नाही. उपग्रहाला तुमची गाडी माहीतच नसते. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि आकाशवाणीसारखे नुसते बोलत राहतात. काय बोलतात? ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता अचूक इतके वाजले आहेत.’ बस्स. ऐकायचं काम तुमच्या डब्याचं.

पावसाळ्यात वीज चमकली की तुम्ही एक, दोन, तीन असे आकडे मोजता की नाही? गडगडाट तीन सेकंदांनी आला तर वीज सुमारे एक किलोमीटरवर पडली, असं आपण म्हणतो, कारण आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. डबा हेच करतो. फक्त त्याचा निरोप आवाजाच्या नाही, प्रकाशाच्या वेगाने येतो, सेकंदाला तीन लाख किलोमीटर! डोक्यावरच्या उपग्रहाचा निरोप सेकंदाच्या साधारण पंधराव्या हिश्श्यात पोचतो. तो किती उशिरा पोचला यावरून उपग्रह किती लांब आहे ते कळतं. अशी तीन उपग्रहांची अंतरं मिळाली की आपली जागा ठरते. मग चौथा कशाला हवा? कारण उपग्रहात असतं अणुघड्याळ आणि आपल्या डब्यात असतं साधं स्वस्त घड्याळ. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्श्याने जरी चुकलं तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणजे आपण शाळेत आणि बाण शेजारच्या आळीत! ती चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. या सगळ्याला रिचार्ज नाही, पैसे नाहीत, मोबाइलची रेंज नाही. डोक्यावर उघडं आकाश तेवढं हवं.

पण नकाशा? तो वरून येत नाही. तो डब्यात असतो, एखाद्या चकतीवर नाहीतर नखाएवढ्या कार्डावर. म्हणून जुना डबा घेताना उपग्रह ताजे मिळतात आणि नकाशा शिळा.

त्या जपानी डब्यात आणखी दोन मजा होत्या. एक म्हणजे पडद्यावरची तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची होती. ओंकार म्हणाला, "घड्याळ बिघडलंय." घड्याळ बिघडलेलं नव्हतं, मोजणी संपली होती. जीपीएसच्या जुन्या निरोपात आठवड्यांचा आकडा ० पासून १०२३ पर्यंतच जातो. मग पुन्हा शून्य, स्कूटरच्या किलोमीटरच्या काट्यासारखं. १०२४ आठवडे म्हणजे १९ वर्षं आणि साडेसात महिने. असं शून्य पहिल्यांदा ऑगस्ट १९९९ मध्ये झालं आणि दुसऱ्यांदा एप्रिल २०१९ मध्ये. नव्या यंत्रांना हे समजावलेलं असतं. जुन्यांपैकी काहीजण बसतात मागच्याच सालात. तेव्हा जुना डबा बघायला गेलात तर तारीख जरूर बघा. ती चुकलेली असली तरी बाण बरोबर असू शकतो, पण ‘किती वाजता पोचू’ हे त्याला विचारू नका.

दुसरी मजा रेडिओची. दादाने एफएम लावला, तर खरखर. आमच्याकडची स्टेशनं लागेनात. का? जपानमध्ये एफएम पट्टा ७६ पासून सुरू होतो आणि जुन्या डब्यांमध्ये ९० वर संपतो. आपल्याकडची बहुतेक स्टेशनं ९१ च्या पुढे! दुकानदार म्हणाला, "गाडीत बसवला की लागतील." दादा नुसता हसला. अठराशे वाचले.

आता दुसरा डबा. तो मात्र आपल्याच देशातला. नकाशाचं कार्ड आत बसलेलं, मेनू इंग्रजीत. ओंकारने पडद्याचे चारही कोपरे दाबून पाहिले. (हे त्याने छान केलं. उन्हाने तापून तापून पडद्याचे कोपरे आधी मरतात.) आवाज स्वच्छ. किंमत अठ्ठावीसशे. दादा पाचशे कमी करून मागत होता आणि दुकानदार देणारच होता. तेवढ्यात ओंकारने पडद्यावरचं एक बटण दाबलं. त्यावर छोट्या घराचं चित्र होतं.

पडद्यावर एक निळी रेघ पळत गेली. एका दुसऱ्याच शहरात, एका वसाहतीत, एका लहानशा गल्लीत जाऊन थांबली. एकशे त्र्याऐंशी किलोमीटर. वर इंग्रजीत लिहिलेलं, ‘घर’.

त्याच्या खाली नेहमीच्या जागांची यादी होती. शाळा. डॉक्टर. आणि रोमन अक्षरांत ‘आजी’.

मी डबा उलटा केला. मागे वायरींचं रंगीत जंजाळ असतं ना, ते चार बोटांवर पकडीने कापलेलं होतं. गाडीतून स्टिरिओ नीट काढला तर वायरी कापाव्या लागत नाहीत. त्यांच्या टोकाला प्लॅस्टिकचा कपलर असतो. खाच दाबली की तो सुटतो. वायरी कापतो तो घाईत असलेला माणूस.

"कुठून आला हा?" मी विचारलं.

"भंगारातल्या गाडीचा आहे, ताई."

"बिल?"

"ताई, जुन्या बाजारात बिल मिळतं का कुठे?"

आता खरं सांगते. तो खोटंच बोलत होता असं मी म्हणणार नाही. अपघातात चेपलेल्या गाड्या भंगारात जातात, तिथले लोकही वेळ वाचवायला वायरी कापतात, आणि अशा गाडीचा चालू डबा विकणं हा काही गुन्हा नाही. पण बाजारात रस्त्यावर उभ्या गाडीतून काढलेले डबेही येतात. दोन्हींची तोंडं सारखीच.

ओंकारने माझा हात ओढला. "आत्या, त्या घरातल्या लोकांना माहीत असेल का, हा इथे आहे ते?"

मी चौथीत होते तेव्हाची गोष्ट सांगते. साल १९९९. आमच्या बाबांकडे छोटी पांढरी गाडी होती आणि तिच्यात कॅसेटचा टेप. तेव्हा टेपच्या चोऱ्या इतक्या होत की काही टेपांचा पुढचा भाग सुटा निघायचा आणि लोक तो खिशात घालून घरी न्यायचे. लग्नाच्या पंगतीत बसलेल्या काकांच्या खिशातून टेपचं तोंड डोकावतंय, असं दृश्य मी स्वतः पाहिलंय! आमचा टेप मात्र तसा नव्हता. एका सकाळी बाबा खाली गेले तर दाराची काच फुटलेली आणि टेप गायब. काच नवी आली. टेपही वर्षभराने आला. पण टेपच्या आत एक कॅसेट राहिली होती. आमच्या आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या बाबांनी तिच्यावर भरून घेतल्या होत्या. आजी त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. चोराने ती कॅसेट बहुधा पुढच्याच चौकात फेकून दिली असेल. त्याच्या काय उपयोगाची?

बाबा पुढे कित्येक दिवस जुन्या बाजारात जाऊन ताडपत्र्यांवरच्या कॅसेटी बघायचे. कधी मिळाली नाही.

दादालाही हे सगळं ठाऊक आहे. तरीही तो म्हणाला, "आपण नाही घेतला तर दुसरा कुणी घेईल." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. दुसरा कुणीतरी घेणारच. पण त्याने डबा खाली ठेवला.

आईबाबांसाठी इथे दोन ओळी. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं समजायला कारण असून, बदनियतीने तो घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या ४११ कलमात होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१७ कलमात आहे. शिवाय चोरीची वस्तू पैसे मोजून घेतली तरी ती आपली होत नाही. मूळ मालक सापडला की ती त्याची.

घरी येताना ओंकार गप्प होता. त्याचं म्हणणं, पोलिसांना सांगायला हवं होतं. दादाचं म्हणणं, सांगायचं काय? कापलेल्या वायरी आणि घराचं चित्र? मी दादाच्या बाजूने बोलले. पण रात्री झोप आली नाही. त्या गल्लीचं नाव पडद्यावर होतं, ते निदान लिहून तरी घ्यायला हवं होतं. पुढच्या रविवारी मी एकटीच जाऊन आले. डबा गेला होता. दुकानदाराला आठवतही नव्हता. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मला पत्र लिहून कळवा. ‘बाई, तुमचं चुकलं’ असं लिहायलाही हरकत नाही, ओंकारने ते आधीच सांगितलंय.

मग डबा मिळाला कुठे? आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीचे एक निवृत्त काका आहेत. त्यांच्या मुलाने गाडीत नवा स्टिरिओ बसवला आणि जुना कपाटात पडून होता. आम्ही गेलो तर काकांनी आधी चहा ठेवला, मग खोकं आणलं. खोक्यात काय काय होतं म्हणता? २०१४ सालचं बिल, नकाशाचं कार्ड, अँटेनाची काळी वडी, कपलरसकट न कापलेल्या वायरी आणि एका पाकिटात कागदाचा चिठोरा, त्यावर चार आकडे.

या चार आकड्यांना फार मोल आहे. काही डब्यांना असं कुलूप असतं. बॅटरीची वायर सुटली की डबा पुन्हा सुरू होताना आकडे विचारतो. पुन्हा पुन्हा चुकलात तर तो तासन् तास रुसून बसतो. हे कुलूप चोरांसाठीच केलेलं. म्हणून ‘कोड आठवत नाही, पण मेकॅनिक उघडून देईल’ असं कुणी म्हणालं तर तुम्ही चपला घाला!

दादाने पट्टीने माप घेतलं. स्टिरिओची मापं जगभर ठरलेली आहेत, साधा म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटर, मोठ्या पडद्याचा त्याच्या दुप्पट उंच, १८० बाय १००. त्याला मेकॅनिक ‘डबल डिन’ म्हणतात. आमच्या भोकात बरोबर बसत होता. सौदा तीन हजारांना ठरला. बाजारापेक्षा दोनशे जास्त!

पैसे देताना ओंकार म्हणाला, "काका, आधी तुमचं घर पुसा."

काकांना कळेना. मग ओंकारने त्यांच्याच गाडीच्या बॅटरीवर डबा लावून दाखवला. घराचं बटण दाबलं. आम्ही चहा पीत होतो तेच घर पडद्यावर आलं. खाली यादी होती. काका चष्मा लावून एकेक नाव वाचू लागले. पंढरपूर. कोल्हापूर. पुण्यातलं एक हॉस्पिटल. "इथे दर पंधरा दिवसांनी जायचो," ते म्हणाले, "हिला घेऊन." हॉस्पिटलच्या खाली एका रसवंतीची जागा साठवलेली होती. "परत येताना हिला इथला रस लागायचा."

ओंकारचं बोट पडद्याजवळ होतं, ते त्याने मागे घेतलं. काकांनी आतून वही मागवली, रसवंतीचे दोन्ही आकडे, अक्षांश आणि रेखांश, हळूहळू उतरवून घेतले आणि मग म्हणाले, "हं. पूस आता." सेटिंगमध्ये सगळं मूळपदावर आणायचं बटण असतं. ते ओंकारने दाबलं.

बसवायला आम्ही मेकॅनिककडेच गेलो, पण ओंकार शेजारी उभा. पिवळी वायर कायम चालू विजेची, लाल किल्ली फिरवल्यावर चालू होणारी, काळी अर्थिंगची. पिवळी आणि लाल अदलाबदल झाली तर दरवेळी किल्ली काढली की डबा सगळं विसरतो. मेकॅनिक आमच्या गाडीचा मूळ कपलर कापायला निघाला होता. दादाने दोनशे रुपयांचा जोडकपलर आणून दिला. एक वायर गाडीच्या वेगाची असते. ती पुष्कळजण जोडतच नाहीत. आम्ही जोडून घेतली. तिचा उपयोग बोगद्यात! आत आकाश दिसत नाही, म्हणजे उपग्रह ऐकू येत नाहीत. मग डबा चाकाच्या वेगावरून आणि आतल्या वळणमापकावरून अंदाजाने पुढे सरकत राहतो. अंधारात पावलं मोजत न्हाणीघरापर्यंत जावं ना, तसं. आणि हो, हँडब्रेकची एक वायर असते. ती नीट जोडली की गाडी चालताना सिनेमा दिसत नाही. ओंकारच्या धाकट्या बहिणीने रडून पाहिलं. दादा बधला नाही.

गेल्या महिन्यात आम्ही नाशिकहून छत्रपती संभाजीनगरला माझ्या मावशीकडे निघालो. ओंकारने गावाचं नाव टाकलं. डबा म्हणाला, असं गाव नाही. २०१४ च्या नकाशाला २०२३ मध्ये बदललेलं नाव कसं माहीत असणार? ‘औरंगाबाद’ टाकल्यावर निघाला एकदाचा. सिन्नरपर्यंत त्याने झकास रस्ता सांगितला. पुढे आम्ही समृद्धी महामार्गावर चढलो. शिर्डी ते नागपूर हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि आमच्या बाजूचा त्यानंतर. डब्याच्या लेखी तिथे अजून शेतंच आहेत.

पडद्यावरचा बाण रस्ता सोडून भलतीकडेच निघाला. विहिरीवरून गेला, ओढ्यावरून गेला, कुणाच्या तरी उसातून गेला. आतली बाई पुन्हा पुन्हा बजावत होती, जमेल तिथून मागे वळा, जमेल तिथून मागे वळा. वहिनीने शेंगदाण्याची पुडी उघडली. दादा सरळ रस्त्याने गाडी चालवत होता आणि ओंकार मागच्या सीटवरून ओरडत होता, "बाबा, सांभाळा! आता पुढे गोठा आहे!"